संघप्रिया बरी झाली

“नमस्कार डॉक्टर. तुम्ही जेवलात का?”

सकाळचे दहा वाजले होते. तरी डॉक्टर खूश झाले. अकरा वर्षांची संघप्रिया त्यांच्या डोळ्यांत बघून बोलत होती, हसत होती. सात वर्षांपूर्वी, अठ्ठ्याऐंशी साली, याच खोलीत ती टेबलाखाली जाऊन बसली होती आणि याच डॉक्टरांनी कागदावर ‘ऑटिझम’ लिहिलं होतं. त्या एका शब्दापायी नवघरच्या शाळेनं तिला दोनदा परत पाठवलं. “तो शब्द काढून आणा, मग बघू,” हेडबाईंनी तोंडावर सांगितलं. जणू कपड्यावरचा डागच!

तिची आई, वैजयंता, हट्टाला पेटली. नोकरीवरून आली की स्वयंपाक नंतर, आधी मुलगी. रोज आरशासमोर. डोळ्यांत बघ. मनात तीनपर्यंत मोज. हस. समोरच्याला काहीतरी विचार. चुकलं की पुन्हा. कधी एखादी चापटही.

“पोपट करतेयस पोरीचा,” नवरा, श्रीपती, म्हणायचा.

“पोपटाला तरी लोक घरात ठेवतात,” ती म्हणायची.

डॉक्टरांनी तासभर तपासलं. मग चष्मा काढला.

“ऑटिझम कशाला म्हणायचं, याचे गेल्या वर्षी नवीन नियम आलेत. त्यात तुमची मुलगी बसत नाही. काही मुलांचं वयाबरोबर कमी होत जातं. नशीबवान आहात, बाई.”

वैजयंतानं नवा कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. भाईंदरला उतरल्याबरोबर तिनं अर्धा किलो पेढे घेतले आणि तशीच शाळा गाठली. हेडबाईंनी कागद दोनदा वाचला, पेढा तोंडात टाकला आणि नाव दाखल करून घेतलं. सात वर्षांत एकदाही न हसलेली बाई गोड हसली. वैजयंताला तिचा संताप आला, पण तीही हसली. बिल्डिंगमध्ये शेजारच्या गुजराती भाभींना तिनं दारातूनच ओरडून सांगितलं, “भाभी, बेटी ठीक हो गई!”

घरात आल्यावर मात्र तिला रडू आवरेना. केल्याचं चीज झालं होतं. तिनं लेकीला जवळ ओढलं.

“तू बरी झालीस, बाळा. आता तुला काही नाही. डॉक्टरांनी लिहून दिलंय.”

“नक्की?”

“नक्की.”

संघप्रियानं सुटकेचा निःश्वास सोडला. तिनं आईच्या चेहऱ्यावरची नजर काढून फरशीवर टेकवली.

“मग आता तू घरी आलीस की मला हसायला नको ना, आई?”