रिकाम्या खुंट्या

मुरबाडच्या एका दवाखान्यात कॉम्प्युटर मी सांभाळतो. वारलेल्या पेशंटच्या हजारो नोंदी काल एका झटक्यात काढून टाकल्या. आज वैशाखरे गावची वेणू बेशुद्ध नवऱ्याला घेऊन आली. मागे कुठल्या इंजेक्शनाने त्याला रिॲक्शन आली होती, ते तिला आठवेना, आणि त्याची नोंद उघडेना. डॉक्टर सिरिंज हातात घेऊन थांबले होते.

"दादा, बघा ना लवकर!" वेणू रडत होती.

मी माझ्या मुलाला, अजयला, फोन लावला. तो हेच काम करतो.

"बाबा, नोंदी काढल्यात, पण नोंदी शोधून देणारा इंडेक्स तसाच ठेवलात. त्यात त्यांच्या रिकाम्या जागा अजून आहेत. मशीन प्रत्येक जागेपाशी थांबून बघतंय, म्हणून रखडतंय. इंडेक्स नव्याने बांधायला लागेल."

तो सांगत गेला, मी टाइप करत गेलो. नोंद उघडली. डॉक्टरांनी इंजेक्शन बदललं, आणि दुपारी वेणूच्या नवऱ्याने डोळे उघडले.

संध्याकाळी अजय घरी आला. मी त्याच्यासाठी पाणी आणायला आत गेलो.

"काय बाबा, तांब्याभर पाणी आणायला एवढा वेळ?"

"तुझ्या आईच्या वस्तू बाराव्याला एकाच दिवशी देऊन टाकल्यात रे तुमी. तिची एकेक रिकामी खुंटी दिसली की मी थांबतो."

अजय हळूच म्हणाला, "खुंट्या काढून टाकू का, बाबा?"

 

"नको रे. इथं मला कसली घाई नाय."