शकूकडची वायर

शकूशी माझं लग्न ठरलं. पण तसं काही झालंच नाही, हेही दोन मिनिटांनी आमच्या घरी ठरलं.

पाच मुलींनी नकार दिल्यावर शेजारच्या देवरावजींची शकू हीच माझी शेवटची आशा होती. म्हणून नव्या स्टिरिओचा एक स्पीकर मी आमच्या ओसरीत ठेवला आणि लांब वायर ओढून दुसरा त्यांच्याकडे नेला. अर्धं गाणं मी ऐकणार, अर्धं ती. पण अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीमागे दहा टर्मिनलं होती. शकूकडची वायर मी चुकून माईकच्या टर्मिनलला जोडली. असं केलं की तिकडचा स्पीकरच माईक होतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

आई ओसरीत भिवापुरी मिरच्यांचे देठ खुडत होती. तेवढ्यात आमचा स्पीकर खरखरला आणि गाण्याऐवजी देवरावजी बोलायला लागले.

"बाजूचा पोट्टा जरासा येडा आहे. तुले चालते का वं?"

"चालते ना, बाबा," शकू म्हणाली. "उद्याच बोलणी करा."

मी उडी मारणार, तोच ती पुढं म्हणाली, "सासूची काळजी नका करू. त्या बुढीले मी महिन्याभरात सरळ करीन."

आईनं मिरची खाली ठेवली. "कोण बुढी गा?"




मातोश्रींस सविनय विनंती, की कु. शकुंतला यांचे शेवटचे वाक्य कामकाजातून वगळण्यात यावे व त्याआधीची वाक्ये कायम ठेवण्यात यावीत.