गैरहजर

सरांनी बूट दाराबाहेर काढले आणि ते बैठकीच्या खोलीत आले. सोफाभर बाळाची दुपटी पसरली होती. तिने ती उचलली नाहीत. इकडेतिकडे पाहून शेवटी सर प्लास्टिकच्या स्टुलावर टेकले. विद्यापीठातल्या सगळ्यात मोठ्या प्रयोगशाळेचा प्रमुख, गुडघे छातीशी घेऊन.

"उद्या दहाला अनुदानाची समिती येतेय," ते म्हणाले. "लेझर जुळतच नाहीये. कुणा शहाण्याने पुसायला म्हणून आरसे हलवले. दोन दिवस झाले, सगळे डोकं फोडतायत."

"मी वहीत सगळं लिहून ठेवलंय."

"वहीवरून होत नाही गं. त्याला तुझाच हात लागतो."

हे मात्र खरं होतं. लेझरचं ते टेबल तिने पाच वर्षं खपून उभं केलं होतं, एकेक आरसा केसभर फिरवत. सरांचं नाव देशोदेशी गेलं ते त्या टेबलावरून.

सासूबाई पाणी घेऊन आल्या. "हेच का ते?" त्यांनी सरांच्या देखतच विचारलं.

"हेच."

सासूबाईंनी पेला सरांच्या हातात दिला नाही. त्यांच्या पायाशी फरशीवर ठेवला आणि त्या दाराला टेकून उभ्या राहिल्या.

"हे बघ, झालं गेलं विसरून जा," सर म्हणाले.

"काय झालं होतं, सर?"

"तेच. तुझ्या रजेचं." त्यांनी वाकून पेला उचलला. "माझा नाइलाज होता. फेलोशिपवाले ना विद्यार्थी, ना कर्मचारी. त्यांना रजा कुठल्या नियमात बसवायची? कार्यालयानेच..."

"कार्यालयाने फक्त विचारलं होतं, प्रमुखांची हरकत आहे का. मी तो कागद पाहिलाय. 'हरकत आहे', खाली तुमची सही."

सरांनी पाणी न पिताच पेला परत खाली ठेवला.

आत बाळ नुकतंच झोपलं होतं, म्हणून ती आवाज चढवत नव्हती. "सहा आठवडे मागितले होते मी. पोट फाडून मूल काढलं होतं माझं. एकोणिसाव्या दिवशी मी लॅबमध्ये आले, कारण तुम्ही रोज फोन करत होतात. टेबलाशी वाकले आणि टाके उसवले. तुम्ही म्हणालात, घरी जा. गेले. आणि त्या दिवसापासून तुम्ही माझ्या नावापुढे लिहीत गेलात, गैरहजर. त्याच शेऱ्यावर माझी फेलोशिप बंद केलीत."

"मला कल्पना नव्हती गं, इतकं..."

"रक्त तुमच्या समोर पुसलं होतं."

तिने लॅपटॉप आणून त्यांच्या मांडीवर ठेवला. "लिहा. कुलसचिवांना. त्या काळात ही वैद्यकीय रजेला पात्र होती. ती नाकारणं हा माझा निर्णय होता आणि ती चूक होती. गैरहजेरीचे शेरे रद्द करावेत."

"'चूक' हा शब्द हवाच का?"

"हवाच."

सरांनी लिहिलं. दोन बोटांनी, चुका खोडत.

"आता दुसरं पत्र. धाकटीचं." लॅबमध्ये सगळ्यात शेवटी आलेल्या संशोधक मुलीला सगळे धाकटी म्हणत. "तिला सातवा लागलाय. तिचा अर्ज महिनाभर तुमच्या टेबलावर पडून आहे. सोळा आठवडे, हरकत नाही."

सरांनी मान वर केली. काही बोलणार होते, पण घड्याळाकडे बघून परत लिहू लागले. दोन्ही पत्रं गेली. तिने लॅपटॉप काढून घेतला आणि पत्रं गेल्याची नीट खात्री करून घेतली.

सर उठले. चेहरा मोकळा झाला होता. "चल, गाडी खालीच आहे. बाळाला बघतील ना सासूबाई?"

"कुठे चल?"

"कुठे म्हणजे? लॅबमध्ये."

"मी येते असं म्हटलं का?"

सर आठवू लागले. तिचं एकेक वाक्य त्यांनी मनात तपासून पाहिलं. तिने कुठेच तसं म्हटलं नव्हतं.

"अगं, मग हे सगळं कशासाठी लिहून घेतलंस?"

"खरं होतं म्हणून."

"हा सूड झाला."

"हो," ती म्हणाली. "तुम्हाला दुसरं काय वाटलं?"

सरांचा आवाज एकदम खाली आला. "चार वर्षांचं अनुदान आहे. अकरा जणांचं पोट आहे त्याच्यावर. ते गेलं तर धाकटी कुठल्या नोकरीतून रजा घेणार?"

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं.

"मी का येत नाही, ते त्या अकरा जणांना सांगा," ती म्हणाली. "तुमच्या तोंडाने."

सर बाहेर गेले. एका बुटाची नाडी बांधली, दुसऱ्याची तशीच राहिली. जिन्यावरून त्यांची पावलं बराच वेळ ऐकू येत होती, एकदा मध्येच थांबली, मग खाली गेली.

सासूबाईंनी कडी लावली. "झाला जीव थंड?"

"झाला."

"मग अशी उभी काय? बस की."

तेवढ्यात फोन वाजला. धाकटीचा होता. वाजून बंद झाला. लगेच परत वाजू लागला.

"उचल," सासूबाई म्हणाल्या. "रजा मिळाल्याचं कळलं असेल. आभार मानायला करत असेल बिचारी."

ती हातातल्या फोनकडे बघत राहिली. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा तिने त्याचा आवाज बंद केला.

"परवा उचलीन," ती म्हणाली. "समिती येऊन गेली की."