काळ्या दगडावरचे खळगे

"आभाळातला असंल तर देव्हाऱ्यात, नायतर जोत्यात," कासू गावच्या शेतात सापडलेला काळा दगड पुढे ठेवत बायजा म्हणाली. पेणच्या कारखान्यात चाळीस वर्षं गणपती घडवणाऱ्या तिच्या हातांचं शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या शांतीबाईंना फार कौतुक.

त्यांनी दगड फरशीच्या खरखरीत मागल्या बाजूवर घासला. साध्या लोहखनिजासारखी रेघ उठली नाही. लोहचुंबक मात्र घट्ट चिकटलं.

"उल्काच दिसते. हे खळगे बघा. पडताना वरचा थर वितळला, की असे होतात. ओल्या मातीत बोटं रुतल्यासारखे."

"म्हंजे आमच्या शाडूसारखंच की." बायजाने हसत खळग्यांत बोटं ठेवली.

पाचही नेमकी बसली.

तिची करंगळी लहानपणी विळ्याने अर्धी तुटली होती. तिथला खळगाही अर्धाच होता.