गाळलेला रकाना

रंगुबाईच्या किटलीचं बूड ओलं होतं. ती आल्या आल्या सौरभनं ते हेरलं आणि दूध केंद्राच्या दाराशेजारच्या नळाकडे पाहिलं. नळ टपकत होता. एवढं पुरे, असं त्याला वाटलं.

सांगवीच्या पुढं माळावरच्या वस्तीचं हे केंद्र. इथल्या सॉफ्टवेअरचे रिपोर्ट बनवणं हे बारामतीहून आलेल्या सौरभचं काम. यंत्रात दूध घातलं की आकडे आपोआप साठतात. सात महिन्यांचे असे हजारो आकडे चाळून त्यानं एका पानाचा कागद काढला होता. ज्याच्या दुधात पाणी, त्याची ओळ लाल. लाल ओळ एकच निघाली. रंगुबाई, रोज सकाळी, सात-आठ टक्के पाणी. संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब कागद बघून हरखले. बाईला रंगेहाथ धरायचं, नाव फळ्यावर लिहायचं आणि किटली कायमची बंद करायची, असं ठरवून दोघं आज सहालाच येऊन बसले होते.

पण रांगेत अकरा जण उभे असूनही केंद्र चालवणारी अंजली यंत्राला हात लावत नव्हती. रंगुबाई सगळ्यांच्या मागून आली आणि सगळ्यांनी तिला पुढं वाट दिली. सौरभचे कान टवकारले. म्हणजे बाई एकटी नाही, ही पोरगीही सामील आहे. इथं कुठंतरी पाणी मुरतंय खास.

"रंगुबाई, आजपासनं तुमचं दूध बंद," दादासाहेबांनी कागद फडकवला. "सात म्हैनं पाणी घालताय. हितं लिवलंय."

रंगुबाईनं कागदाकडं पाहिलंच नाही. रांगेतल्या माणसांकडं पाहिलं. कुणी चप्पल नीट केली, कुणी खाकरलं.

"दोन म्हशी हायेत माज्या," ती म्हणाली. "त्यांचं दूध घिऊन मी आता कुठं जाऊ, ते ऱ्हाऊ द्या. पर पाणी घालताना मला बघितलं कुणी?"

"बघायला कशाला पायजे? मशीन बोलतंय."

सौरभ मात्र अंजलीकडं बघत होता. "ह्या मागून आल्या. मग ह्यांचं दूध आधी का?"

"भवानी रंगूकाकूंच्या हातची," अंजली म्हणाली. "केंद्र उगाडलं त्या दिसापासनं. त्यांचा हात लई गुणाचा हाय."

"रोज?"

"रोज सकाळी. सांजच्याला कुणीबी आदी घालतंय."

सौरभनं पेंडीच्या पोत्यावर लॅपटॉप उघडला. दूध घालणारा कितवा होता, त्याचाही एक रकाना असतो. तो त्यानं रिपोर्टातून गाळला होता. पानाच्या रुंदीत मावत नव्हता आणि नंबर कितवा हे बघायचंय कुणाला, असं त्याला वाटलं होतं. आता त्यानं तो परत ओढून आणला. रंगुबाईच्या सकाळच्या सगळ्या ओळींपुढं एकच आकडा होता. एक, एक, एक. थेट तळापर्यंत. संध्याकाळी ती कधी नववी, कधी चौदावी, आणि पाणी शून्य. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"अंजली, रात्री यंत्र कशानं धुता?"

"पाण्यानं. दुसरं कशानं?"

"मग सकाळचं पहिलं वाटीभर दूध नुसतं नळीतून फिरवून टाकून देत असाल. नळीत धुतल्याचं पाणी राहतं ना."

अंजलीनं जीभ चावली. "बसवायला आलेला मानूस म्हनला व्हता तसं. पर भवानीचं दूध कुणी फेकतं व्हय? भरल्या केंद्राला अवदसा आठवायची!"

सौरभला लाज वाटली. ओल्या बुडाचा त्यानं केवढा पुरावा केला होता! आता नीट बघितलं, तर रांगेतल्या साऱ्याच किटल्या ओल्या होत्या. घरून विसळून आणलेल्या किटल्या कोरड्या कशा असतील?

"दादासाहेब," तो म्हणाला, "माझी चूक झाली असेल. आज दुसऱ्या कुणाचं तरी दूध आधी घाला. मग कळेल."

 रंगुबाईची भवानी मोडायला कुणी पुढं येईना.

"तुमी शिकलेली मानसं लई इचार करता बगा, सौरभराव," दादासाहेब हसले. "पाणी घातलं तर पाणी निघंल, न्हाय घातलं तर न्हाय निघायचं. घे गं अंजली, माजी किटली घे. सोता म्होरं उभा ऱ्हाऊन धार काढून घेतलीया."

अंजलीनं वाटीत दूध ओतलं. यंत्राच्या नळीनं ते ओढून घेतलं. बारीक घरघर झाली. सगळ्यांनी माना पुढं काढल्या.

पाणी आठ टक्के.

सौरभच्या लॅपटॉपवर आजच्या तारखेपुढं दादासाहेबांचं नाव लाल झालं. दादासाहेबांनी यंत्राकडं पाहिलं, किटलीत डोकावलं, पुन्हा यंत्राकडं पाहिलं. हातातला कागद त्यांनी घडी करून खिशात घातला.

"मशीन बिगाडलंय," ते म्हणाले.

रंगुबाईनं आपली किटली उचलून यंत्रापुढं ठेवली.

"आजच व्हय?" तिनं विचारलं.