काकडीचा घोडा

ओबोनच्या, म्हणजे इथल्या पितरांच्या सुट्टीत अख्खी गल्ली समुद्रावर गेली होती. आम्ही तिघं शेजारच्या मोरिता आजींच्या ओसरीवर होतो. त्यांनी काकडीला चार काड्या टोचून घोडा केला.

"बाबा, हा खायचा नाही हं! गेलेली माणसं यावर बसून घरी येतात," लेकीने आजींचं जपानी आम्हाला समजावलं. मग तिचा चेहरा उतरला. "पण आपलं बाळ पडेल ना? ते अजून मानसुद्धा धरत नव्हतं."

मार्चपासून बाळाचं नावही न काढलेल्या माझ्या नवऱ्याने खिशातून रुमाल काढला आणि घोड्याच्या पायांना झोळी बांधायला घेतली.

"झोपून येईल गं," तो म्हणाला.

त्याने पुन्हा पुन्हा पीळ दिला, पण गाठ बसेना. मी गाठीवर बोट दाबून धरलं, तरी बसेना.