नास्तिक ग्रॉइसमनचं व्याख्यान

"अकरा मांडव!" जिल्हा समितीचा कॉम्रेड बुर्लाकू पडद्यामागे दबक्या आवाजात ओरडत होता. "गेल्या पानगळीत तुम्ही ज्यूंच्या त्या मांडवांच्या सणावर व्याख्यान दिलंत, आणि आठवड्याभरात गावात अकरा मांडव उभे राहिले. विचारलं तर म्हणतात, कोंबड्यांसाठी आहेत!"

"पण मी तर मांडवांची टर उडवली होती," फाइवेल ग्रॉइसमन म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं.

"उडवलीत ना! मापांसकट उडवलीत! उंची किती, छपराला फांद्या कसल्या, आतून चांदण्या दिसल्या पाहिजेत... कोणी विचारलं होतं?"

आमच्या सोरोका गावात फाइवेलइतका पक्का नास्तिक दुसरा नव्हता. तरुणपणी रब्बी व्हायला निघाला, नऊ वर्षं पाठशाळेत घासली, आणि एके दिवशी देव नाही असं त्याला पटलं ते पटलंच. आता संस्कृती भवनात दर महिन्याला तो धर्माची सालटी काढायचा. सभागृह तुडुंब भरायचं. सिनेमालाही एवढी माणसं येत नसत. ही आपल्या तर्कशुद्ध विचारांची किमया, असं त्या बिचाऱ्याला वाटायचं.

"आजचा विषय मात्सा," बुर्लाकू म्हणाला. "त्या बेखमीर भाकरीला शिव्या हव्या तेवढ्या द्या. कृती सांगायची नाही. एक शब्द निसटला, तर पेन्शन विसरा आणि सैबेरियात झाडं तोडायला जा. मी पहिल्या रांगेत बसलोय."

पडद्याबाहेर सगळे वह्या उघडून बसले होते. वल्हांडणाचा सण आठ दिवसांवर आला होता, आणि त्यात मात्साशिवाय दुसरी भाकरी चालत नाही. मात्साच्या भट्टीला या वर्षी सरकारी कुलूप लागलं होतं, भाजणारा म्हातारा हिवाळ्यात वारला होता, आणि घरी मात्सा तर कोणी कधी केलीच नव्हती. सगळी भिस्त फाइवेलवर.

फाइवेल उभा राहिला. देव नाही म्हणाला. धर्म म्हणजे कामगारांच्या डोळ्यांत धूळफेक म्हणाला. मग ट्रॅक्टरांवर बोलला. मात्सा हे थोतांड आहे म्हणाला आणि घाईघाईने पुन्हा ट्रॅक्टरांवर गेला. वीस मिनिटं झाली, तरी कोणाच्या वहीत अक्षर नाही.

बटणांच्या कारखान्यातली एत्या उठली. "कॉम्रेड व्याख्याते, उद्या शेजारीण मात्सा करायला बसली, तर मी तिला नेमकी कशाकशावरून नावं ठेवायची?"

"एकूणच ठेवा," फाइवेल म्हणाला आणि त्याने घाम पुसला.

एत्या खाली बसली. पण ती फाइवेलला लहानपणापासून ओळखत होती. बाजूच्या बेरिश टोपीवाल्याकडे वळून ती मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "नाही तर नाही! मला आठवतंय ना. पीठ रात्रभर भिजत घालायचे."

"तर काय! आणि चवीपुरतं मीठ," बेरिश म्हणाला.

फाइवेलचे कान लाल झाले. तो ट्रॅक्टरांच्या आकड्यात चुकला.

"थोडं खमीरही घालत असतील," एत्या म्हणाली. "त्याशिवाय फुगणार कशी?"

"मग वरून अंडं फासायचं. छान चकाकते."

फाइवेलने दोन्ही हातांनी टेबल घट्ट धरलं. बुर्लाकूने पेनाचं टोपण काढलं. अख्खा सैबेरिया पहिल्या रांगेत मांडी ठोकून बसला होता, आणि फाइवेलला तो दिसतही होता. पण एकेका ओळीवरून गुरुजींशी रात्र रात्र भांडलेल्या माणसाने हे असलं किती वेळ ऐकून घ्यायचं?

"गाढवांनो!" तो कडाडला. "मात्सात खमीर? अक्कल काय गहाण टाकलीत? पीठ आणि पाणी, बास! मीठ नाही, अंडं नाही, काही नाही! पिठाला पाणी लागल्यापासून अठरा मिनिटांत भाजून भट्टीबाहेर! मळणारा हात मध्ये थांबला की संपलं! पातळ लाटायची, काट्याने सगळीकडून टोचायची, आणि भट्टी म्हणजे कशी हवी..."

तो थांबला. सभागृहात पेन्सिलींची खरखर चालली होती. बुर्लाकूही लिहीत होता, पण त्याचं कारण वेगळं. त्याने वही मिटली, वर चढला आणि फाइवेलचा दंड धरला.

"कॉम्रेड ग्रॉइसमन, तुम्ही आस्तिक आहात."

हे मात्र फाइवेलला सैबेरियापेक्षा जास्त लागलं. "आस्तिक? मी? तोंड सांभाळून बोला!"

बुर्लाकू त्याला मधल्या वाटेने घेऊन चालला. एत्याला रडू फुटलं. हे असं इतकं अंगाशी येईल असं तिला वाटलं नव्हतं. आम्ही सगळे माना खाली घालून बसलो. लाज वाटत होती, दुसरं काय. दाराशी फाइवेल बुर्लाकूच्या हाताला हिसडा देऊन वळला. आता हा आपल्याला तळतळाट देणार, असंच आम्हाला वाटलं.

"देव नाही!" तो ओरडला. "लिहून घ्या, देव नाही! पण पाणी आदल्या संध्याकाळी भरून गार केलेलंच घ्या. नळाचं ताजं घेतलंत, तर याद राखा!"